खाली काच आहे

गेल्या पावसाळ्यात आमच्या पेठेत रस्ता खणला आणि घरातलं इंटरनेट गेलं. दुरुस्तीला आलेल्या दादाने तुटलेली केबल सोलून केसाइतके बारीक दोन तंतू काढले, पुसले, टोकं नीट कापली आणि स्कूटरच्या सीटवर ठेवलेल्या यंत्रात समोरासमोर लावली. विजेची ठिणगी पडली, काच काचेला चिकटली. “झालं,” तो म्हणाला. मला प्रश्न पडला, ही काच पुण्यात आली कधी?

१९७९ साली. टेलिफोन एक्स्चेंजना जोडणारी भारतातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा पुण्यात सुरू झाली. तेव्हा फोन पोस्ट आणि तार खात्याकडे होते आणि घरी फोन यायला लोक वर्षानुवर्षं थांबत.

फोन आला तरी एक अडचण होतीच. एका भागातला कॉल दुसऱ्या भागात न्यायला दोन एक्स्चेंजच्या मधली वाट लागे. तिला जंक्शन म्हणत. जमिनीखालून तांब्याच्या तारा गेलेल्या असत. वाटा जितक्या, तितकेच कॉल. त्या भरल्या की समोरचा फोन मोकळा असूनही तुमचा कॉल लागत नसे.

काचेतून उजेड नेण्याची कल्पना जुनीच. मोग्यात जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानींनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत लंडनमध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवलं, ते १९५४ मध्ये प्रसिद्ध झालं. पण अंतर वाढलं की उजेड विझायचा. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवलं, की मुख्य दोष काचेतल्या अशुद्धीचा आहे. किलोमीटरभर जाऊन शंभरातला एक भाग उजेड उरला, तरी फोनचं काम भागेल. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ती हद्द ओलांडली. आजच्या फायबरमध्ये जवळपास ९५ भाग उरतात.

१९७७ मध्ये अमेरिकेत लोकांचे कॉल फायबरवरून जाऊ लागले. दोनच वर्षांत पुण्यातही.

काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. पण काच शुद्ध झाली तरी कोणीतरी खड्ड्यात उतरून टोकाला टोक जुळवावं लागतंच. आपण पेशव्यांचे वाडे दाखवत पुणं फिरवतो, या हातांचा इतिहास मात्र डांबराखाली राहतो.

परवा पुन्हा जेसीबी आला. मी खाली उतरून चालकाला म्हटलं, “दादा, जरा जपून. खाली काच आहे.”