पिनोचं हद्दपार लेकरू

३१ जुलै १३९५. फ्रान्समधल्या बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने फर्मान काढलं: गामे जातीच्या द्राक्षवेली उपटून टाका. त्याच्या लेखी हे द्राक्ष कडवट, माणसाला अपायकारक आणि बेइमान होतं. बर्गंडीची इभ्रत पिनो न्वारच्या लाल वाइनवर उभी होती. तिच्या नावाला बट्टा लागलेला त्याला चालणार नव्हता.

पण रयतेला गामे का हवं होतं? कारण पिनो भारी नाजूक. त्याचा घड पाइनच्या फळासारखा गच्च, म्हणून तर त्याचं नाव पिनो. गच्च घडात हवा खेळत नाही, साल पातळ, त्यामुळे पावसात मणी कुजतात. डोळे लवकर फुटतात, मग वसंतातल्या एका गोठवणाऱ्या रात्रीत कोवळे कोंब जळून जातात. पीक बेताचं, आणि जास्त घ्यायला जावं तर वाइन पाणचट होते. गामे मात्र दोनेक आठवडे आधी पिकतं आणि भरभरून देतं. १३४८ च्या प्लेगनंतर शेतात राबायला हात कमी पडत होते. अशा काळात इभ्रतीपेक्षा पोट मोठं.

गामे संपलं नाही. दक्षिणेकडे बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर त्याने बस्तान बसवलं आणि नावही कमावलं.

खरी गंमत कळली १९९९ मध्ये. डीएनए तपासणीत दिसलं की गामे हे पिनोचंच अपत्य! दुसरा पालक ग्वे ब्लां, म्हणजे गोरगरिबांचं, कायम हिणवलं गेलेलं पांढरं द्राक्ष. याच जोडीतून शार्दोने जन्मलं, ज्याच्यावर बर्गंडीच्या महागड्या पांढऱ्या वाइन्स उभ्या आहेत. एकाच आईबापांची दोन लेकरं. एकाला गादी, दुसऱ्याला हद्दपारी.

ड्यूकचं चुकलं असंही सरळ म्हणता येत नाही. पिनोचा दर्जा राखण्याची शिस्त बर्गंडीला लागली, त्यात अशा फर्मानांचा वाटा आहेच. पण बांधावर फक्त खानदानी वेलीच असत्या, तर शार्दोने जन्मलंच नसतं.

पिनोचा नाजूकपणा आजही तोच आहे. एप्रिल २०२१ मध्ये थंडीची लाट आली, तेव्हा बर्गंडीचे शेतकरी रात्रभर मळ्यात मेणबत्त्या पेटवून कोंबांना ऊब देत होते. थंडीला मात्र फर्मान काढून हद्दपार करता येत नाही.