न उजळलेल्या दीर्घिका

जें दिसतें त्यावरून जें आहे त्याचा अदमास बांधण्याची संवय ज्योतिर्विदांसहि सुटलेली नव्हती. ऑस्ट्रेलियांतील केन फ्रीमन यांनीं १९७० सालीं चक्राकार दीर्घिकांचीं मापें तपासलीं, तेव्हां बहुतेकींच्या मध्यभागाची तेजस्विता जवळजवळ सारखीच भरली. हा निसर्गाचा नियमच असावा, असें वाटणें साहजिक होतें. १९७६ सालीं माइक डिस्ने यांनीं मात्र निराळी शंका काढली. रात्रीच्या आकाशास स्वतःचा असा एक अंधुक उजेड असतो. त्यांत बुडून जाणारी मंद दीर्घिका आपणांस दिसावी कशी? नियम निसर्गाचा नसून आपल्या दृष्टीचाच असला तर?

उत्तरास दहा वर्षें लागलीं, आणि तें आलें अवचित. कन्या राशींतील दीर्घिकासमूहांत मंद बटुदीर्घिकांचा शोध चालला असतां, डेव्हिड मॅलिन यांनीं खास युक्तीनें उठावदार केलेल्या छायाचित्रांत एक पुसट डाग आढळला. १९८६ सालीं त्याचा वर्णपट घेतला, तों तो त्या समूहाच्या सुमारें वीसपट दूर, शंभर कोटि प्रकाशवर्षांपलीकडे असल्याचें ठरलें. वामनाचा त्रिविक्रम झाला! या 'मॅलिन १' दीर्घिकेचा व्यास सहा लक्ष प्रकाशवर्षांच्या घरांत आहे. आपल्या आकाशगंगेचा सुमारें एक लक्ष.

तिच्यांतील वायूचें माप मात्र प्रकाशानें लागलें नाहीं. हायड्रोजन वायु २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडील, हें भाकित व्हॅन डी हुल्स्ट यांनीं १९४४ सालीं, जर्मन अंमलाखालील हॉलंडांत वर्तविलें होतें. १९५१ सालीं त्या लहरी सांपडल्या. त्यांवरून मोजतां 'मॅलिन १'मध्यें साठ अब्जांहून अधिक सूर्यांच्या वजनाइतका हायड्रोजन भरतो.

एवढें भांडवल असतां तारे इतके थोडे कां? वायु आहे, पण दाट नाहीं. तारा जन्मण्यापूर्वीं वायूनें निवून, गोळा होऊन दाट मेघाचें रूप घ्यावें लागतें. येथें तो इतका विरळ पसरला आहे कीं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानें त्याच्या गांठी क्वचितच बांधल्या जातात. अंगणभर सांडलेल्या दुधावर साय धरत नाहीं, तसेंच हें. (दृष्टान्त लंगडा आहे, हें आम्ही जाणतों.)

याच लहरी पुणें जिल्ह्यांत खोडद येथील तीस तबकड्यांची दुर्बीण ऐकते. २००५ सालीं तिच्या साहाय्यानें 'एन्. जी. सी. ३७४१' या बटुदीर्घिकेभोंवतींचा हायड्रोजन मोजला गेला. तो तिच्या उजळ अंगाच्या कितीतरी बाहेरपर्यंत पसरलेला निघाला.