कोपर्निकस मार्गावरच्या बराकी आणि भिंतीवरची नावे

गणपतीत जुन्या महाराष्ट्र सदनात आलेला पाहुणा आरती झाली की हमखास विचारतो, "इंडिया गेट किती लांब?" आपण त्याला चालत नेतो, आइस्क्रीम खाऊ घालतो, फोटो काढतो आणि परत आणतो. मीही वर्षानुवर्षे हेच केले. वाटेवरच्या प्रिन्सेस पार्कातील बैठ्या बराकींकडे कधी लक्ष गेले नाही.

या बराकी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी तळाच्या. १९४७ नंतर तेथे सैन्यदलांतील अधिकाऱ्यांची कुटुंबे राहत. २०१५ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरविले, की इंडिया गेटच्या परिसरात राष्ट्रीय समर स्मारक आणि या बराकींच्या जागी युद्ध संग्रहालय व्हावे.

इंडिया गेट असताना पुन्हा स्मारक कशाला, असे मलाही वाटले होते. पण इंडिया गेट हे पहिले महायुद्ध आणि तिसरे अफगाण युद्ध यांत पडलेल्यांचे. पायाभरणी १९२१ ची, उद्घाटन १९३१ चे. भिंतींवर तेरा हजारांहून अधिक नावे. (रेल्वेवाला म्हणून एक सांगतो. त्याआधी आग्रा-दिल्ली लोहमार्ग या जागेवरून जात असे. तो यमुनेच्या बाजूला हलविला आणि १९२४ मध्ये नवा मार्ग सुरू झाला, तेव्हा ही जागा मोकळी झाली. रूळ हलविणे म्हणजे काय, हे आमच्या खात्यातल्यांनाच ठाऊक!)

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. त्यांची आठवण म्हणून इंग्रजांनी गावात स्तंभ उभारला. स्वतंत्र भारतासाठी पडलेल्यांची सर्व नावे एका ठिकाणी वाचायला मात्र २५ फेब्रुवारी २०१९ उजाडावे लागले. मधल्या काळात १९७२ पासून इंडिया गेटखाली अमर जवान ज्योती होती, पण ज्योतीवर नावे नसतात. तीही जानेवारी २०२२ मध्ये नव्या स्मारकाच्या ज्योतीत विलीन झाली.

सुमारे ४० एकरांवरच्या या स्मारकातील त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंती चक्रव्यूहासारख्या फिरत जातात. उद्घाटनाच्या वेळी त्यांवर २५,९४२ नावे होती. शेजारी परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत. त्यांत आपल्या कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे आहेत, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर आडवी टाकलेली झाडे आणि पेरलेले सुरुंग हटवीत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. मांडीला जखम झालेली असताना रणगाड्याखाली सरपटत जाऊन, दोरीने चालकाला खुणा करीत! मार्ग मोकळा करून देणे हे आम्हा अभियंत्यांचे रोजचेच काम, म्हणून त्या पुतळ्यापुढे मी जरा जास्तच रेंगाळतो.

गेल्या वर्षी एका सहकाऱ्याचे वडील सातारा जिल्ह्यातून आले होते. त्यांचा थोरला भाऊ १९६५ च्या लढाईत गेला. घरी आली ती फक्त तार. अंत्यसंस्कार सीमेवरच झाले. काका म्हणाले, "साहेब, नाव असंल तर दाखवा." भावाचा शिपाई नंबर त्यांना तोंडपाठ होता. अर्धा तास शोधल्यावर ती पाटी सापडली. काकांनी लांबच चपला काढल्या, अक्षरांवरून बोट फिरविले आणि तोच हात कपाळाला लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी मोबाइलवर फोटो काढून दिला. तरी परतीच्या तिकिटाच्या मागे त्यांनी कितवी भिंत, वरून कितवी ओळ, हे लिहून घ्यायला लावले. म्हणाले, "वहिनीला आता दिसत नाही. तिला सांगावं लागंल."