पाटाचं पाणी आणि दोन तालुके

एखाद्या प्रदेशाची अर्थव्यवस्था समजून घ्यायची असेल, तर आपण आधी तिथला पाट कुठून कुठे जातो ते पाहावं. आपले बारामती आणि इंदापूर तालुकेच घ्या. १८७६-७८च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदण्यात आला आणि १८८५ साली तो सुरू झाला. हेतू होता ज्वारी-बाजरी वाचवण्याचा. पण पाऊस बरा झाला की शेतकरी पाटाचं पाणी घेईना. मग पाणीपट्टी कुठून येणार? वर्षभर पाणी मागणारं पीक म्हणजे ऊस. तो सरकारलाही सोयीचा वाटला. १९२८ साली भाटघरचं मोठं धरण झालं, पुढे वालचंदनगर उभं राहिलं, मग माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी कारखाने आले. दुष्काळासाठी आणलेलं पाणी असं साखरेचं झालं.

सुपे-मोरगावकडचा भाग मात्र कालव्याच्या वरच्या अंगाला, म्हणून बराचसा जिरायती राहिला. एकाच तालुक्यात इकडे ऊस, तिकडे टँकर.

इंदापूरला १९८०च्या सुमारास उजनीचं पाणी मिळालं, पण जुनं पळसदेव बुडालं. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथलं देऊळ अजून वर दिसतं. दक्षिण अमेरिकेतल्या चिमुकल्या सुरिनाममध्येही हेच घडलं. १९६०च्या दशकात अफोबाका धरणात सारामाका लोकांची गावं गेली. वीज मिळाली ती ॲल्युमिनियमच्या कारखान्याला.

तेव्हा धरणं आणि कारखाने मोजून आपलं भागत नाही. गाव कुणाचं गेलं आणि पाणी कुणाला मिळालं, हेही विचारावं लागतं. आम्ही तत्त्वज्ञानवाले याला न्यायाचा प्रश्न म्हणतो. जिरायतीतल्या शेतकऱ्याला तो न शिकवताच कळलेला असतो.