पुनर्मुद्रण की नवी आवृत्ती? : ‘प्रिटी हेट मशीन’ या ध्वनिमुद्रिकेची तीन प्रकाशने

(१)

मराठी ग्रंथव्यवहारात ‘पुनर्मुद्रण’ आणि ‘आवृत्ती’ या दोन शब्दांत भेद केला जातो. पूर्वीचा मजकूर होता तसाच पुन्हा छापला तर ते पुनर्मुद्रण. त्यात भर घातली, काही गाळले किंवा दुरुस्ती केली तर ती नवी आवृत्ती. प्रकाशक हा भेद नेहमीच पाळतात असे नव्हे. अभ्यासकाला मात्र तो पाळावाच लागतो; कारण कोणता पाठ केव्हा आणि कोणाच्या हातून सिद्ध झाला हे ठरल्यावाचून पुढील विवेचनाला आधार राहत नाही. ध्वनिमुद्रिकांच्या व्यापारात ‘रीइश्यू’ हा एकच इंग्रजी शब्द या दोन्ही क्रियांसाठी वापरला जातो, आणि त्यामुळे दोन भिन्न वस्तू एकाच नावाखाली श्रोत्याच्या हाती पडतात.

प्रस्तुत लेखात एका ध्वनिमुद्रिकेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ‘नाइन इंच नेल्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाची ‘प्रिटी हेट मशीन’ ही पहिली ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. २००५ आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाली. या तीन प्रकाशनांचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, ध्वनिमुद्रिकेचा ‘पाठ’ कोणता हे केवळ तिच्या कर्त्यावर अवलंबून नसते; मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क त्या त्या वेळी कोणाकडे होते, यावरही ते तितकेच अवलंबून असते.

(२)

प्रथम ‘इंडस्ट्रियल’ या संज्ञेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १९७६ मध्ये लंडन येथे ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या मंडळीने स्वतःची ध्वनिमुद्रिका-संस्था काढली व तिला ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ असे नाव दिले. त्या नावात उपरोध होता. गाणे हाही कारखान्यातून बाहेर पडणारा मालच आहे, मग तसे उघडपणे म्हणावयास काय हरकत आहे, असा त्याचा रोख होता. पुढे १९८० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये उदयास आलेल्या ‘आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन’ या मंडळीने भंगारातील धातूचे पत्रे आणि भोके पाडण्याची यंत्रे यांचा वाद्यांप्रमाणे उपयोग केला. शिकागो येथील ‘वॅक्स ट्रॅक्स’ ही संस्था आणि कॅनडातील ‘स्किनी पपी’ हा वृंद यांच्या हाती ही शैली नृत्याच्या ठेक्याशी जोडली गेली.

या प्रवासात शब्दाचा अर्थ पालटला. आरंभी ‘इंडस्ट्रियल’ हे विशेषण संगीताच्या उत्पादनपद्धतीवर टीका करीत होते. दहा-बारा वर्षांत ते ध्वनीच्या गुणाचे वाचक झाले. यंत्रासारखा, कर्कश, ठोकळ्या लयीचा असा नाद म्हणजे ‘इंडस्ट्रियल’. उपरोध गळून पडला आणि वर्णन उरले. भाषाशास्त्रात अशी अर्थसंक्रमणे नित्य आढळतात. येथे लक्षात ठेवावयाचे ते इतकेच की, आपण ज्या ध्वनिमुद्रिकेचा विचार करीत आहोत ती हे संक्रमण पुरे होत असतानाची आहे. त्या शैलीचा नाद तिने घेतला, पण गाण्याची बांधणी ठेवली ती रूढ कडवे-ध्रुपदाची. तिला एवढा मोठा श्रोतृवर्ग लाभला, याचे हे एक प्रमुख कारण होय.

(३)

या ध्वनिमुद्रिकेचा कर्ता ट्रेंट रेझ्नर हा १९६५ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात जन्मला. लहानपणी त्याने पियानोचे शास्त्रोक्त शिक्षण घेतले होते. सुमारे वर्षभर महाविद्यालयात काढून तो ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात आला आणि तेथील ‘राइट ट्रॅक’ या ध्वनिमुद्रणगृहात नोकरीस राहिला. त्याचे काम ध्वनिमुद्रणात साहाय्य करण्याचे तसेच झाडलोटीचेही होते. मुद्रणगृह मोकळे असेल त्या वेळी तेथील साधने वापरण्याची परवानगी मालकाने त्याला दिली. अशा फावल्या वेळात १९८८ मध्ये त्याने काही गाण्यांचे कच्चे मुद्रण तयार केले. मनासारखे साथीदार न मिळाल्यामुळे बहुतेक सर्व वाद्ये त्याने स्वतःच वाजविली. प्रिन्स या गायकाचे उदाहरण त्याच्यासमोर होते. एक मॅकिंटॉश संगणक, काही सिंथेसायझर आणि ‘ईम्यू ईमॅक्स’ हे ध्वनिखंड साठवून पुन्हा वाजविणारे यंत्र, एवढ्या सामग्रीवर एका माणसाने संपूर्ण वृंदाचे काम करावयाचे, अशी ही पद्धती होती.

हे कच्चे मुद्रण पुढे ‘प्युअरेस्ट फीलिंग’ या नावाने अनधिकृतपणे प्रसृत झाले. हस्तलिखितांच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा पूर्वपाठ होय. यातील बहुतेक गाणी १९८९ च्या मुद्रिकेत निराळ्या रूपात आली आहेत. काही गाळली गेली. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो त्या पाठाच्या आधीही एक पाठ होता.

पूर्वपाठापासून मुद्रित पाठापर्यंतच्या वाटचालीत इतरांचे हात लागले. फ्लड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रज निर्मात्याने आरंभीच्या दोन गाण्यांवर काम केले. ‘डाउन इन इट’ या गाण्यावर एड्रियन शेरवुड व कीथ लब्लांक यांनी संस्कार केले. उरलेल्यांपैकी बहुतेक भाग जॉन फ्रायर याच्याकडे गेला. क्लीव्हलंड, बॉस्टन, न्यू यॉर्क व लंडन अशा चार शहरांतील मुद्रणगृहांत हे काम झाले. शिवाय प्रिन्स, ‘जेन्स अ‍ॅडिक्शन’ आणि ‘पब्लिक एनिमी’ यांच्या मुद्रिकांतील ध्वनिखंड उचलून, ओळखू येणार नाहीत इतके बदलून गाण्यांत विणले गेले, आणि वेष्टनावर त्या ऋणाचा निर्देशही करण्यात आला. ‘डाउन इन इट’ हे गाणे ‘स्किनी पपी’च्या एका गाण्यावरून सुचले, हे रेझ्नर याने पुढे स्वतःच मान्य केले आहे. तात्पर्य, एकट्याने रचलेली कृती म्हणून जिची ख्याती आहे ती मुद्रिका सूक्ष्मपणे पाहिल्यास अनेकहस्ती ठरते.

वेष्टनाविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. गॅरी टॅल्पस याने केलेल्या मुखपृष्ठावर हाडांच्या सापळ्यासारखे काहीतरी दिसते. वस्तुतः ते टर्बाइनच्या पात्यांचे, उभे ताणलेले छायाचित्र आहे. यंत्र आणि शरीर यांची ही सरमिसळ गाण्यांच्या आशयाशी सुसंगत आहे.

(४)

प्रकाशक होता न्यू यॉर्क येथील ‘टीव्हीटी’. दूरचित्रवाणीवरील मालिकांच्या शीर्षकगीतांचे संग्रह काढून १९८५ मध्ये या संस्थेने व्यवसायास आरंभ केला होता. ‘प्रिटी हेट मशीन’ तयार झाल्यावर कंपनीच्या प्रमुखास ती मुळीच पसंत पडली नाही, असे रेझ्नर सांगत आला आहे. परंतु श्रोत्यांचा कौल निराळा होता. बिलबोर्डच्या यादीत मुद्रिकेने गाठलेले सर्वोच्च स्थान अवघे ७५ वे. मात्र त्या यादीत ती शंभराहून अधिक आठवडे टिकून राहिली. १९९१ च्या ‘लोलापलूझा’ या फिरत्या महोत्सवातील प्रयोगांनी तिचा खप वाढविला. २००३ मध्ये अमेरिकेत तीस लाख प्रतींचे प्रमाणपत्र तिला मिळाले. लहान स्वतंत्र संस्थेच्या मुद्रिकेला असे यश त्या काळी दुर्मीळ होते.

यशाबरोबर कलह आला. पुढील कृतीत कंपनी हस्तक्षेप करील या भीतीने रेझ्नर याने नवी गाणी निरनिराळ्या खोट्या नावांखाली, कंपनीच्या नकळत मुद्रित केली. अखेर ‘इंटरस्कोप’ या मोठ्या संस्थेशी व्यवहार होऊन १९९२ मध्ये ती ‘ब्रोकन’ या नावाने बाहेर आली. कर्ता अशा रीतीने मोकळा झाला. पहिली कृती मात्र मागेच राहिली. तिचे शब्द, सूर व वादन त्याचे होते. पण ज्या फितीवर ते उमटले होते तिचे हक्क त्याचे नव्हते.

या स्थितीचा परिणाम २००४-०५ मध्ये ठळकपणे दिसतो. रेझ्नर याच्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’ या १९९४ च्या मुद्रिकेला दहा वर्षे झाली तेव्हा त्याच्या देखरेखीखाली तिची विस्तारित आवृत्ती निघाली, व तीत चहूबाजूंनी ऐकू येणारे नवे ध्वनिमिश्रणही होते. ‘प्रिटी हेट मशीन’ काही काळ बाजारात मिळेनाशी झाली होती, आणि तिच्या मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क टीव्हीटीच्या हातून सुटले होते. नोव्हेंबर २००५ मध्ये ‘रायकोडिस्क’ या संस्थेने ती पुन्हा बाजारात आणली ती जवळजवळ होती तशीच. हे आपल्या अर्थाने पुनर्मुद्रण. त्यात कर्त्याचा हात नव्हता, आणि म्हणूनच, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे, १९८९ चा पाठ त्यात अबाधित राहिला.

(५)

टीव्हीटीने २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१० मध्ये या मुद्रणाचे हक्क पुन्हा हस्तांतरित झाले आणि नव्या धारकांनी कर्त्याला सहभागी करून घेतले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नवे प्रकाशन झाले. टॉम बेकर याने ध्वनीवर नव्याने मास्टरिंगचा संस्कार केला, म्हणजे उच्च-नीच स्वरांचा तोल आणि नादाची पातळी पुन्हा ठरविली. रॉब शेरिडन याने मुखपृष्ठाची पुनर्रचना केली. आणि शेवटी एक गाणे जोडले गेले : ‘क्वीन’ या वृंदाच्या १९७७ मधील ‘गेट डाउन, मेक लव्ह’ या गाण्याचे, १९९० च्या ‘सिन’ या लघुमुद्रिकेवर पूर्वी आलेले रूप.

हे शेवटचे गाणे लहानसे वाटले तरी त्याचा परिणाम लहान नाही. १९८९ च्या पाठात दहा गाणी होती आणि शेवट ‘रिंगफिंगर’ने होत असे. आता शेवट दुसऱ्याच्या रचनेने होतो. ग्रंथाच्या अखेरीस परिशिष्ट जोडले तर वाचकास ते परिशिष्ट म्हणून कळते, कारण पानावर तसे छापलेले असते. ध्वनिमुद्रिकेत अशी सीमारेषा कानाला ऐकू येत नाही. दहावे संपते आणि अकरावे सुरू होते. तेव्हा २०१० चे प्रकाशन ही निःसंशय नवी आवृत्ती होय, आणि तीही कर्त्याने संमत केलेली.

(६)

यांपैकी प्रमाण कोणती मानावी? कर्त्याची अंतिम इच्छा हाच निकष धरला तर २०१० ची. ग्रंथसंपादनात हा निकष पुष्कळांनी स्वीकारला आहे, आणि एकवीस वर्षे आपल्याच कृतीपासून दुरावलेल्या कर्त्याच्या बाबतीत तो न्याय्यही वाटतो. परंतु इतिहासाचा प्रश्न वेगळा आहे. १९८९ नंतरच्या दोन दशकांत लक्षावधी श्रोत्यांनी जी ऐकली, जिचे इतर वादकांनी अनुकरण केले, ती पहिल्या पाठाची मुद्रिका होती. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने पंचवीसाव्या वर्षीच्या आपल्या कृतीवर फिरविलेला हात आदरणीय असला तरी तो पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचाच हात असतो.

व्यवहारातील अडचण अशी की, नवी आवृत्ती जुनीला हळूहळू बाजूला सारते. ध्वनी आता आंतरजालावरून ऐकला जातो आणि तेथे सहसा नवीनतम संस्करणच पुढे येते. वर्ष मात्र पुष्कळदा पहिल्याच प्रकाशनाचे दिलेले असते. विद्यार्थी १९८९ चा नाद म्हणून २०१० चा नाद ऐकतो आणि त्यावरून त्या काळाविषयी अनुमान करतो. ग्रंथाच्या बाबतीत अशी चूक कोणी केली तर आपण ती प्रबंधात खपवून घेणार नाही.

यास्तव दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ध्वनिमुद्रिकेचा आधार देताना मूळ प्रकाशनाबरोबरच प्रत्यक्ष ऐकलेल्या आवृत्तीचे वर्ष द्यावे. आणि विभागांच्या संग्रहांतून जुन्या तबकड्या व सीडी, ‘नवी प्रत आली’ या कारणाने काढून टाकू नयेत. या एका मुद्रिकेपुरते पाहिले तर पहिला पाठ टिकला तो कोणी मुद्दाम जपला म्हणून नव्हे. कर्ता आणि हक्कधारक यांचा मेळ पुष्कळ वर्षे बसला नाही म्हणून. प्रत्येक पाठाचे रक्षण अशा भांडणांवर सोपविता येणार नाही.