हॅमरच्या घरचा ड्रॅक्युला

विल्यम हाइंड्स हे व्यावसायिक गृहस्थ 'विल हॅमर' या नावाने रंगमंचावर विनोदी कामं करत. १९३४ साली काढलेल्या चित्रपट कंपनीलाही त्यांनी यातलंच 'हॅमर' हे नाव दिलं. दुसऱ्याच वर्षी कंपनीच्या 'मेरी सेलेस्ट' जहाजावरच्या चित्रपटात बेला लुगोसी चमकला. ब्रॉडवेवर १९२७ मध्ये आणि पडद्यावर १९३१ मध्ये ड्रॅक्युला गाजवलेला हा नट इथे मात्र खलाशी होता! १९३७ मध्ये कंपनी बुडाली. महायुद्धानंतर पुन्हा उभी राहिली, ती काटकसरीच्या जोरावर.

१९५१ पासून थेम्सकाठच्या ब्रे इथल्या 'डाउन प्लेस' या जुन्या वाड्यात बस्तान बसलं. कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सन तेच खांब, तेच जिने फिरवून दर वेळी नवा किल्ला उभा करत. १९५७ च्या फ्रँकेन्स्टाइनपटात युनिव्हर्सल स्टुडिओच्या राक्षसाची रंगभूषा वापरायची सोय नव्हती, म्हणून रंगभूषाकार फिल लीकीने वेगळाच चेहरा घडवला. त्या चेहऱ्यामागे होता ख्रिस्तोफर ली.

पुढच्या वर्षी दिग्दर्शक टेरेन्स फिशरने त्यालाच ड्रॅक्युला केलं. माझ्या मते याच्या तोडीचा काउंट ड्रॅक्युला दुसरा नाही. जिन्याच्या टोकाला काळी आकृती दिसते, आता काहीतरी भयंकर होणार म्हणून आपण सावरून बसतो, आणि हा झपाझप उतरून पाहुण्याचं अदबीने स्वागत करतो. थोड्या वेळाने तोच रक्ताळलेल्या तोंडाने दारात उभा! सुरुवातीच्या भेटीनंतर त्याला जवळजवळ संवादच नाहीत. लुगोसी बोलून भारून टाकायचा, ली नुसत्या उंचीने आणि डोळ्यांनी काम भागवतो. शेवटी पीटर कुशिंगचा व्हॅन हेल्सिंग टेबलावरून धावत जाऊन पडदे ओढतो, दोन मेणबत्तीदाण्यांचा क्रूस करतो. ही मेणबत्तीदाण्यांची युक्ती कुशिंगचीच.

पुढे कंपनीने काउंटला पिळून काढलं. १९६६ च्या दुसऱ्या फेरीत लीला एकही वाक्य नव्हतं, आणि त्याच सेटवर लागोपाठ त्याचाच रास्पुतिनही उरकला गेला. १९६८ मध्ये निर्यातीतल्या कामगिरीबद्दल कंपनीला राणीच्या नावाचा पुरस्कार मिळाला. १९७२ मध्ये काउंट लंडनच्या चेल्सीतल्या पोराटोरांत येऊन पडला. तो सगळा प्रकार पोरकट. १९७३ चा लीचा हॅमरसाठीचा सातवा ड्रॅक्युला त्याचा इथला शेवटचा ठरला, १९७९ नंतर चित्रपटनिर्मितीच थंडावली.

२००७ मध्ये नव्या मालकांनी कंपनी पुन्हा सुरू केली, २०१२ मध्ये 'द वुमन इन ब्लॅक' चांगला चालला. त्याच सुमारास जपानमध्ये सापडलेल्या जुन्या प्रतीतून, ब्रिटिश सेन्सॉरने कापलेला तुकडा १९५८ च्या चित्रपटात परत जोडला गेला. उन्हात सापडलेला ली त्यात स्वतःच्या चेहऱ्याची कातडी बोटांनी ओरबाडून काढतो.