फिरिश्ताचा वर्गमित्र

मध्ययुगीन दखनवर लिहिणाऱ्या कोणालाही मुहंमद कासिम फिरिश्ताला टाळून पुढे जाता येत नाही. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही... कुठल्याही पुस्तकाच्या तळटिपा उघडून पाहा, हा माणूस भेटतोच. पण तो इथे आला कसा, हे फारसं कोणी विचारत नाही. तो इतिहासकार म्हणून आला नव्हता. बापाचं बोट धरून आलेलं एक पोर होतं ते.

फिरिश्ताचा जन्म इराणमधल्या अस्तराबादचा. कॅस्पियन समुद्राजवळचं हे गाव, आज त्याला गोर्गान म्हणतात. वडील गुलाम अली हिंदू शाह विद्वान गृहस्थ. ते कुटुंबासह अहमदनगरला आले आणि मुर्तजा निजामशाहचा मुलगा मीरान हुसैन याला फारसी शिकवण्याचं काम त्यांच्याकडे आलं. राजपुत्राबरोबर मास्तरांचा मुलगाही शिकायला बसू लागला. फिरिश्ताचं जन्मवर्ष कोणी 1560 देतं, कोणी 1570. मला दुसरं अधिक पटतं. कारण 1588 साली मीरान हुसैन जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता. दहा-बारा वर्षांनी मोठा मुलगा त्याच्याबरोबर धडे गिरवत बसला असेल, असं वाटत नाही.

इराणी उस्ताद नेमणं त्या काळी काही नवलाचं नव्हतं. निजामशाहीचं चौल बंदर गजबजलेलं होतं आणि इराण-अरबस्तानातून कवी, हकीम, व्यापारी, शिपाई सतत दखनमध्ये उतरत. बुऱ्हाण निजामशाहच्या काळात शाह ताहिर हा इराणी पंडित इथे आला, त्याच्या प्रभावाने दरबार शिया झाला. नगरचा कोटला, बारा इमामांचा, त्याच काळात म्हणजे 1536च्या सुमारास उभा राहिला. मोहरमला तिथे जाणाऱ्यांना ती वास्तू मुळात शिक्षणासाठी बांधली होती, हे ठाऊक असेलच असं नाही. दरबाराची भाषा फारसी, पण लोकांच्या तोंडी दखनी आणि मराठी. त्यामुळे राजाच्या मुलालासुद्धा फारसी शिकावी लागे. ज्या भाषेत अस्तराबादच्या पोराला काहीच अडचण नव्हती, तीच राजपुत्राला उस्ताद ठेवून शिकवली जात होती.

गंमत अशी की, ज्या घराण्याच्या मुलाबरोबर फिरिश्ता शिकला, त्या घराण्याची सुरुवातही अशाच एका वर्गातून झाली आहे. आणि ती गोष्ट आपल्याला फिरिश्ताच सांगतो. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद. त्याचा बाप मलिक हसन मुळात पाथरीच्या भैरव नावाच्या ब्राह्मणाचा मुलगा, नाव तिमाप्पा. विजयनगरच्या मुलखात लहानपणीच तो बहमनी फौजेच्या हाती सापडला, मुसलमान झाला आणि गुलाम म्हणून वाढला. पोर हुशार. सुलतानाने त्याला शहजादा मुहंमदच्या सोबतीला दिलं आणि दोघे एकत्र शिकले. फारसी-अरबीत तो तयार झाला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. ‘भैरव’चं ‘बहरी’ झालं आणि ते नाव निजामशाहांना कायमचं चिकटलं. एक पोर कैदी म्हणून आलं, दुसरं मास्तरांचं पोर म्हणून.

पुढचं सगळं रक्ताने माखलेलं आहे. मुर्तजा निजामशाहला लोक ‘दिवाना’ म्हणत. मुलाबद्दल त्याच्या मनात संशय शिरला आणि त्याने मुलाच्या बिछान्याला आग लावली. राजपुत्र वाचला, त्याला गुपचूप दौलताबादला हलवण्यात आलं. 1588मध्ये मीरान हुसैन मिर्झा खानाच्या मदतीने नगरच्या किल्ल्यात घुसला. समोर येईल त्याला कापलं जात होतं. फिरिश्ता तेव्हा मुर्तजाच्या पहाऱ्यावरचा अधिकारी, म्हणजे पहिला मरायचा तोच. मीरान हुसैनने त्याला ओळखलं. आम्ही एकत्र शिकलो होतो म्हणून त्याने माझा जीव वाचवला, असं फिरिश्ता स्वतः लिहितो. मुर्तजाला मात्र मुलाने हमामखान्यात कोंडून, खाली आग पेटवून मारलं. वर्गमित्राला सोडलं, बापाला नाही.

मीरान हुसैनची सत्ता वर्षभरही टिकली नाही. मिर्झा खानानेच त्याला कैद केलं, आणि जमाल खानाने दखनी लोकांना घेऊन किल्ल्याला वेढा दिला तेव्हा त्याचं मुंडकं छाटलं. मग जमाल खानाचे लोक आत शिरले आणि शहरात ‘गरीब’ म्हणजे परदेशी मुसलमानांची कत्तल सुरू झाली. दखनी विरुद्ध आफाकी हे भांडण बहमनी काळापासूनचं. मरणारे मुसलमान, मारणारेही मुसलमान. मध्ययुगातली प्रत्येक लढाई धर्माच्या चौकटीत बसवणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं. जे थोडे परदेशी वाचले, ते काही दखनी आणि हबशी सरदारांच्या आसऱ्याने.

फिरिश्ता नगरात लहानाचा मोठा झाला, इथेच शिकला, इथेच नोकरीला लागला. तरी त्या दिवसांत तो परदेशीच ठरला. त्याच्या लेखनात दखनी सरदारांविषयी जी अढी जाणवते, तिचं मूळ मला इथे दिसतं. त्याचं पुस्तक वाचताना एवढं भान ठेवलेलं बरं.

1589 साली त्याने नगर सोडलं आणि विजापूर गाठलं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहने त्याला हिंदुस्थानचा इतिहास लिहायला सांगितला. 1606च्या सुमारास ‘गुलशन-ए-इब्राहिमी’ पुरं झालं, तरी तो त्यात पुढेही भर घालत राहिला. जॉन ब्रिग्जने 1829 साली त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं, तेव्हापासून ते जगभर वाचलं गेलं. त्याने वैद्यकावरही एक ग्रंथ लिहिला, त्यात इथल्या वैद्यांची औषधं आहेत. राजांची चरित्रं तो पानंच्या पानं सांगतो. मीरान हुसैनने त्याला ओळखलं, तो प्रसंग मात्र त्याने दोन-तीन ओळींत उरकला आहे.